कच्ची वही

बाबांना पहिल्यांदा सांगितलं, मी रॉमध्ये शूट करते,
तर म्हणाले, म्हणजे काय, गुप्तहेर खात्यात लागलीस?
मग म्हटलं, बाबा, तुमची कच्ची वही.
इंदूरच्या कापड मार्केटात तीस वर्षं मुनीमकी केलेला माणूस,
लगेच समजला.

कच्च्या वहीत सगळं असायचं, पेन्सिलीनं.
मलमलचे सात ताके उधार, हमालाचे बारा रुपये,
दोन कट चहा, उंदरानं कुरतडलेला एक लठ्ठा,
आणि समासात, का कोण जाणे,
'आज फार उकडतंय.'
रात्री हे पक्क्या वहीत उतरायचं, निळ्या शाईत.
चहा नाही, उंदीर नाही.
उकाडा तर नाहीच.

जेपेग म्हणजे कॅमेराच मुनीम.
आठ बाय आठच्या चौकटी आखतो,
डोळा ज्याची चौकशी करणार नाही ते गाळतो
आणि हातात देतो उजळ, चोख, मिटलेला हिशेब.
रॉ येते ती मळकट. भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी.
खेळातल्या कच्च्या लिंबासारखी, जिच्यावर अजून राज्य नाही:
पांढरं म्हणजे नक्की कुठलं पांढरं
हेसुद्धा ठरायचं असतं.

बायपासच्या गार्डनमध्ये शाल्मली पागनीसचं लग्न.
वऱ्हाड खंडव्याहून, दोन तास उशिरा.
कार्डात जागा उरली दीडशे रॉची
किंवा हजारभर जेपेगची.
लोकेंद्र लाइट धरून कंटाळलेला:
"दीदी, जेपेग पे डाल दो, कौन देखता है."
ठरवलं, सप्तपदी रॉ. पंगतीपासून जेपेग.
आणि पंगत बसली तरी
सेटिंग बदलायची विसरले.

म्हणून ४१७.
चार करवल्या हसतायत, एकीचा गजरा सुटलाय,
मागे स्टेजचा पडदा आणि त्याच्यामागे काळं.
सुदामा नगरच्या खोलीत, पहाटे तीनला,
काही कारण नसताना
सावल्यांची पट्टी उजवीकडे ओढली.
काळं आधी तपकिरी झालं, मग रवाळ,
मग त्यात प्लास्टिकची खुर्ची दिसली,
खुर्चीत नवरीचे वडील.
मांडीवर आहेराची पाकिटं, फाडलेली,
हनुवटीखाली दाबलेला मोबाइलचा उजेड,
शंभर पानी वही. ओठ आकडे म्हणताना थांबलेले.
शेजारी केटररचा माणूस, घड्याळ बघत.

ते रडत असते तर मला कळलं असतं.
ते बेरीज करत होते.

जेपेगनं सांगितलं असतं: इथे अंधार आहे.
आणि ते खोटंही नव्हतं.

पट्टी परत डावीकडे नेली. होती तिथे,
मग थोडी आणखी.
अल्बमच्या छत्तिसाव्या पानावर करवल्या हसतायत,
मागे शाईसारखं गच्च काळं.
पागनीसकाकांनी स्वतः पान उलटलं,
म्हणाले, सुरेख आलाय. बाकीचे पैसे पाकिटात दिले,
पाकिटावर दुसऱ्याच कुणाचं नाव खोडलेलं.

डिस्क दर महिन्याला भरते.
लाडवांचे ढीग पुसले, डीजे पुसला,
घोडीवरचा नवरदेव सोळा वेळा होता, दोनदा ठेवला.
४१७ एकतीस एमबी अडवून बसलीय.

बाबांना विचारलं, कच्च्या वह्यांचं काय करायचात?
म्हणाले, ताळा जुळला की बंबात.
सगळ्या?
सगळ्या.
आणि समासातलं, उकडतंय वगैरे?
त्यांनी चष्मा पुसला.
"ते तुला दाखवायला नव्हतं लिहिलं."

सकाळी कर्सर ४१७ वर होता
तेवढ्यात गल्लीत कचरागाडी आली, गाणं वाजवत.
ओला कुठला, सुका कुठला,
या शहरात शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही.
दोन्ही डबे घेऊन खाली पळाले.
वर आले तेव्हा स्क्रीन झोपला होता.
मी उठवला नाही.